भटकंती : सिपनेकाठच्या तंबूत

बालमित्रांनो, आधी एक कोडं. पावसाचे दोन थेंब एकाच ढगातून निघाले. मुलताईच्या माळावर एकमेकांपासून थोड्याच अंतरावर पडले. एक पोचला बंगालच्या उपसागरात आणि दुसरा अरबी समुद्रात. असं कसं झालं?

वरूडच्या पोरांना हे कोडं सुटायलाच हवं! आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या हद्दीत बैतूल जिल्ह्यातलं मुलताई गाव आहे ना, त्या भागात दोन नद्या उगम पावतात. एक आपली वर्धा. ती आपल्या तालुक्याच्या कडेनं खाली येते, मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणात विसावते, पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला मिळते. दुसरी तापी. ती मुलताईहून पाठ फिरवते आणि बऱ्हाणपूर, भुसावळ, सुरत करत पश्चिमेच्या समुद्राला. जन्म शेजारी शेजारी, सासर मात्र देशाच्या दोन टोकांना.

हे आज आठवायचं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यात आम्ही तापीच्या एका लेकीकडे राहायला गेलो होतो. तिचं नाव सिपना. मेळघाटच्या जंगलातून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार अशा पाच नद्या वाहतात आणि पाचही शेवटी तापीला मिळतात. ‘सिपना’ हा शब्द कोरकू भाषेतला, त्याचा अर्थ साग. नदीला झाडाचं नाव! तिच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर सागच साग उभा आहे, तेव्हा दुसरं नाव तरी काय देणार?

वरूडहून जायचं तर मोर्शी, चांदूर बाजार करत परतवाडा गाठायचं. परतवाड्याला पोटभर नाश्ता आणि गाडीत पेट्रोल, दोन्ही भरून घ्यायचं. मग घाट सुरू होतो. घटांग मागे पडतं आणि वळणं घेत घेत रस्ता सेमाडोहला उतरतो. हाच रस्ता पुढे कोलकास, हरिसालवरून धारणीला जातो. सेमाडोहला वनखात्याचं पर्यटन संकुल आहे, राहायला झोपड्या आहेत, जंगलाची माहिती देणारं केंद्र आहे. आमच्या शिबिरात पोरंच फार, म्हणून आवारातच तंबू ठोकले होते. दहा-बारा पोरं, चार आया, दोन बाबा आणि हा तुमचा भटक्या मामा.

“मामा, वाघ आला त आपण कुठं पळाचं?” गाडीतून उतरल्या उतरल्या धाकट्या भाच्यानं विचारलं.

आमच्यासोबत एक कोरकू वाटाड्या दादा होते. ते हसले. म्हणाले, “पळाचंच नाई. पळतं ते त्याले खाणं वाटते.”

पोरं एकदम गप्प! पुढचे दोन दिवस दादांचा शब्द सगळ्यांनी ऐकला, तो या एका वाक्यामुळे.

तर आता तंबूकडे या. तुम्ही म्हणाल, तंबू म्हणजे काय, चार काठ्या नि वर कापड. तसं नाही बरं. पहिली गोष्ट, छत दुहेरी हवं. आतलं एक कापड आणि त्याच्यावर वीतभर अंतर सोडून ताणलेलं दुसरं. ऊन वरच्या कापडाला तापवतं, मधली हवा वाहती राहते आणि आतलं छत त्या मानानं थंड असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा या वीतभर हवेची किंमत कळते. दुसरी गोष्ट, तंबूचे तणावे. मेख जमिनीत सरळ नाही ठोकायची, तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे ओढ बसली तरी ती निघून येत नाही. आमच्या पोरांनी पहिली मेख सरळ ठोकली आणि दुपारच्या वावटळीनं तंबू असा काही बसला की आतल्या दोघी जणी किंचाळतच बाहेर! मग सगळ्यांनी मेखा पुन्हा ठोकल्या. कोणी सांगायची गरज उरली नाही.

आणि तिसरी गोष्ट, जागा. इथे जरा थांबतो, कारण ही सगळ्यांत महत्त्वाची.

नदीकाठी राहायला गेलं की सगळ्यांनाच पाण्याच्या अगदी जवळ झोपावंसं वाटतं. सिपनेचं पात्र उन्हाळ्यात बरंचसं कोरडं असतं. पांढरी मऊ वाळू, मध्ये मध्ये डोह. एका ताईनं विचारलंच, “दादा, तंबू वाळूतच लावू ना! केवढी छान गादी आहे.”

दादांनी नुसतं बोट दाखवलं. काठावरच्या एका अर्जुनाच्या झाडाला, आमच्या डोक्याच्याही वर, वाळलेलं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. “हे कोणी ठेवलं तिथं?” पोरांना आधी वाटलं पक्ष्याचं घरटं असेल. ते घरटं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात नदी तिथवर चढली होती, आणि जाताना आपली खूण ठेवून गेली होती.

डोंगराळ नदीचा स्वभाव असा असतो. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र, चांदण्या दिसतायत, आणि वर वीस किलोमीटरवर घाटात ढग फुटलेला असतो. उतार तीव्र, खडक उघडे, पाणी मुरायला वेळच नाही. ते सगळं एकदम खाली येतं. मे महिन्यातही वळवाचा पाऊस येतोच. म्हणून कोरड्या पात्रात तंबू कधीही लावायचा नाही. पुराची खूण शोधायची आणि तिच्याही वर राहायचं. कोलकासचं वनखात्याचं जुनं विश्रामगृह बघा, सिपनेच्या वळणावर कसं उंच काठावर बसलंय. बांधणाऱ्यानं आधी नदी बघितली असणार.

वरूडच्या आजी-आजोबांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या पलीकडच्या काठावर, नागपूर जिल्ह्यात मोवाड आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर त्या गावात शिरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. ज्या नदीवर रोजचे कपडे धुतले, गुरं पाजली, तीच नदी. घरात कोणी त्या वेळचं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारा. ते सांगतील तेवढंच ऐका, जास्त खोदून विचारू नका.

आमचे तंबू मग वरच्या पठारावर लागले. तिथून नदी दिसत होती, ऐकू येत होती आणि दूरही होती.

दुपार उतरली. पोरं घामानं निथळलेली. समोर हिरवागार डोह. “आता पोहायचंच!” असा एकच गलका झाला. दादा म्हणाले, “अंघोळ करा, पण आत्ता. चार वाजता बाहेर. आणि मी दाखवतो तिथंच, काठाकाठानं.”

काठाकाठानं का, तर डोहाची खोली दिसत नाही हे एक. आणि दुसरं म्हणजे मेळघाटच्या नद्यांत पूर्वी मगरी होत्या, त्या नाहीशा झाल्या होत्या. १९९० आणि १९९१ मध्ये गडगा नदीच्या सिद्धू कुंडात आणि डोलार नदीत त्या पुन्हा सोडल्या गेल्या. दुसऱ्या नद्यांत हो, सिपनेत नव्हे! पण जंगलातल्या कुठल्याही पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की बरं असतं.

पण चारच्या ठोक्याला बाहेर का? यावर मात्र पोरांनी वाद घातला. ऊन तर सहापर्यंत असतं, दादा! मग दादांनी त्यांना नदीकडे नीट बघायला लावलं. पावसाळ्यात ही नदी भरून वाहते तेव्हा हरणाला कुठूनही पाणी पिता येतं. उन्हाळ्यात तिचे तुकडे होतात. इथं एक डोह, मग अर्धा-एक कोस वाळू, मग दुसरा डोह. आजूबाजूच्या सगळ्या डोंगरातली सांबरं, गवे, रानडुकरं, अस्वलं, वाघ, बिबटे, रानकुत्री यांचं पाणी तेवढंच. दिवसभर ती सावलीत पडून असतात. ऊन कललं की तहान घेऊन निघतात. सांबराची मादी झाडीच्या कडेपर्यंत येते, कान हलवते, वास घेते. डोहात दहा पोरं धिंगाणा घालत असतील तर ती काय करते? परत फिरते. आणखी एक तास थांबते. पुन्हा येते. तोवर काठावर कोणी दगडाआड टपून बसलेलं असतं.

“म्हणजे आपण पोहत बसलो त ते तहानलेलेच राहीन?” भाचा म्हणाला.

वरूडच्या पोराला तहान समजावून सांगावी लागत नाही. संत्र्याच्या बागांसाठी आपण जमिनीत बोअर खोल खोल नेले, आणि आता कित्येक गावांत उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात. बाग वाळलेली ज्यानं पाहिलीय आणि टँकरमागे बादली घेऊन जो धावलाय, त्याला सांबराची गोष्ट लगेच कळते. जंगलातही वनखातं बांधलेल्या पाणवठ्यांत उन्हाळ्यात पाणी भरतं. पण नदीचा डोह तो डोहच.

चारला पाच मिनिटं कमी असतानाच सगळी पोरं बाहेर. सहा वाजता आम्ही वरच्या काठावर झाडाआड बसलो, एकही अक्षर न बोलता. (चार आयांपैकी दोघींना हे पोरांपेक्षा जड गेलं, पण ते असो.) आधी टिटवी ओरडली. मग मोर आले, मानेचा झोका देत. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग तीन सांबरं, एक पिल्लू. पिल्लू पाण्यात पुढचे दोन्ही पाय घालून उभं राहिलं. त्यांच्या पाणी पिण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. दहा पोरं अर्धा तास गप्प बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

‘सफारी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे उघडी जीप, गळ्यात दुर्बीण आणि वाघामागे धावाधाव येते ना? पण हा शब्द आहे आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, आणि त्याचा अर्थ नुसता ‘प्रवास’. स्वाहिलीत तो अरबीतून गेला, ‘सफर’ या शब्दावरून. तोच ‘सफर’ आपल्याकडेही आला. म्हणजे सिंदबादची सफर आणि केनियाची सफारी ही सख्खी भावंडं! आणि तंबूतली सफर काही आपल्याला नवी नाही. इंग्रजांच्या काळात साहेब लोक हिवाळाभर तंबू घेऊनच जिल्ह्यातून फिरत. १८६०च्या सुमारास जेम्स फॉर्सिथ नावाचा कॅप्टन याच सातपुड्यात तंबू ठोकत हिंडला. त्यावर त्यानं लिहिलेलं पुस्तक १८७१ साली निघालं. जंगलाचं वर्णन मोठं सुरेख, पण दर थोड्या पानांनी बंदूक आहेच. त्या काळी वाघ बघणं म्हणजे वाघ मारणं. पुढे वाघ इतके कमी झाले की १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा करावा लागला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता, बरं का!

रात्र पडली. जेवण अगदी साधं, भाकरी आणि वांग्याची भाजी. जेवण झाल्यावर मात्र कडक शिस्त. खाण्याची एकही वस्तू तंबूत ठेवायची नाही. बिस्किटाचा पुडा नाही, चिवड्याची पिशवी नाही, आईनं लपवून दिलेला लाडूही नाही. का? लाडवाला मुंग्या येतात, चिवड्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. दिवसा वानरं येतात ती वेगळीच. सगळं खाणं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी स्वयंपाकाच्या जागी.

आईबाबांसाठी इथे दोन शब्द. उघड्या जमिनीवर मुलांना झोपवू नका. मण्यार हा साप रात्री हिंडतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून झोपेत कळतही नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा. खाट असेल तर खाट, नसेल तर तळ शिवलेला, चेन लावून पूर्ण बंद होणारा तंबू. मच्छरदाणी हवीच, खोचलेली. बूट घालण्याआधी ते उलटे करून झटकायचे. विंचवाला बूट फार आवडतात! रात्री लघवीला जायचं तर एकट्यानं नाही, मोठ्या माणसाला उठवून, बॅटरी पायापुढे धरून. आणि दवाखाना कुठे आहे, गाडी कोणाकडे आहे, हे उतरल्या उतरल्या विचारून ठेवावं. साप चावला तर झाडपाला नाही, मंत्र नाही, सरळ दवाखाना. फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. पिण्याचं पाणी उकळलेलं. नदीचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी!

कंदील मालवले. आणि मग तंबूची खरी गंमत सुरू झाली. घरात भिंत असते, म्हणून बाहेरचं बाहेर राहतं. तंबूत नुसतं कापड असतं, सगळं जंगल कानाशी येतं.

“चक-चक-चक-चक...” कोणीतरी दगडावर दगड आपटतोय असं वाटलं. तो होता रातवा पक्षी. दिवसभर पाचोळ्यात पाचोळ्यासारखा पडून असतो, रात्री किडे खायला निघतो. नदीकडून एक घोगरा, जड हुंकार येत होता. तो मासे खाणाऱ्या घुबडाचा. आणि मग मध्यरात्रीच्या सुमारास, पलीकडच्या काठावरून एकदम, “पोंक!” थोड्या वेळानं पुन्हा, “पोंक!”

“मामा,” तंबूच्या कोपऱ्यातून बारीक आवाज आला, “मोटारचा हॉर्न हाये काय?”

तो सांबराचा इशारा होता. सांबर उगाच ओरडत नाही. वाघ, बिबट्या किंवा रानकुत्री जवळ दिसली की ते शेपूट ताठ करून, पाय आपटून असं ओरडतं. झाडावरून वानरानं “खकर-खकर” करून साथ दिली. आमच्या तंबूत कुणी झोपलेलं नव्हतं, पण कुणी हलतही नव्हतं. भाच्याचा हात माझ्या हाताला कधी येऊन चिकटला होता, कुणास ठाऊक. हळूहळू हाक दूर गेली, मग थांबली. रातवा पुन्हा सुरू झाला.

सकाळी चहाच्या आधीच सगळी पोरं दादांच्या मागे नदीवर. ओली वाळू म्हणजे जंगलाचं वर्तमानपत्र, रोज सकाळी ताजं! सांबराच्या खुरांचे दोन फाकलेले पाकळे. मोराची तीन बोटं. अस्वलाचा मागचा पाय तर थेट माणसाच्या पावलासारखा, फक्त पुढे लांब नख्यांच्या खुणा. आणि डोहाच्या वरच्या अंगाला, सांबराच्या ठशांवर पडलेला एक मोठा, गोलसर, चार बोटांचा ठसा. नख्या नाहीत. दादांनी खाली बसून त्याच्याभोवती काडीनं गोल काढला.

“कुला,” ते म्हणाले. कोरकूत वाघाला कुला म्हणतात. रात्री वाघ आला होता. आमच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर पाणी पिऊन, आम्हाला न भेटता निघून गेला होता.

मांजराच्या जातीचे प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात, म्हणून वाघ-बिबट्याच्या ठशात नख्या दिसत नाहीत. कुत्रा, रानकुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशात दिसतात. पूर्वी वाघांची मोजणीही अशा ठशांवरूनच व्हायची. पण एकच वाघ ओल्या आणि कोरड्या जमिनीवर वेगवेगळा ठसा उमटवतो, त्यामुळे चुका होत. आता आपोआप फोटो काढणारे कॅमेरे झाडांना बांधतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. तुमच्या अंगठ्याच्या रेषा जशा दुसऱ्या कोणाच्या नसतात, तसेच एका वाघाचे पट्टे दुसऱ्याचे नसतात.

दोन दिवसांत वाघ काही दिसला नाही. मेळघाटात तो सहसा दिसत नाही. डोंगर उभे, झाडी दाट, त्याला लपायला जागाच जागा. वाघ बघायचाच असा हट्ट असेल तर ताडोबाला जा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सागाच्या एका निष्पर्ण शेंड्यावर जो बसलेला दिसला, त्याची गोष्ट वाघापेक्षा कमी नाही. वीतभर उंचीचं घुबड, भर उन्हात, आणि डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. आपल्या गावातला पिंगळा तुम्हाला माहीत आहे, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. हा रानपिंगळा!

या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ साली झालं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत मोजून सात नमुने जमवले गेले. १८८४ नंतर मात्र तो कोणालाच सापडेना. एका इंग्रज कर्नलसाहेबांनी, रिचर्ड माइनर्ट्सहागन त्यांचं नाव, आपण तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला असं सांगितलं होतं. लोक तिथे शोधून शोधून थकले. पुढे अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंनी तो पेंढा भरलेला पक्षी नीट तपासला. बघतात तर काय, साहेबांनी संग्रहालयातला जुनाच पक्षी चोरला होता, उसवून पुन्हा शिवला होता आणि खोटी चिठ्ठी लावली होती! म्हणजे सगळे चुकीच्या जागी शोधत होते. मग बाईंनी खऱ्या जुन्या जागांची यादी काढली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्या आपल्या महाराष्ट्रात आल्या. शहाद्याजवळच्या सातपुड्यात, सकाळच्या उन्हात, एका झाडावर तो बसलेला होता. ११३ वर्षांनी! नंतर तो मेळघाटातही सापडला, आणि आज त्याच्या हक्काच्या घरांपैकी हे एक मोठं घर आहे. आमच्यातल्या एका पोरानं त्याला ओळखलं आणि बोट न दाखवता नुसतं हळूच म्हटलं, “डोक्यावर ठिपके नाईत.” शाबास रे पठ्ठ्या!

निघायच्या दिवशी दादांच्या ओळखीची दोन-तीन कोरकू मुलं तंबूंकडे आली. आधी दोन्ही बाजू लाजल्या. मग शब्दांची देवाणघेवाण सुरू झाली. पाण्याला ‘डा’. वाघाला ‘कुला’, ते तर येतच होतं. कोरकू भाषा मराठीच्या घराण्यातली नाही, शेजारच्या गोंडीच्याही नाही. तिची नातलग भाषा दूर झारखंडकडे बोलली जाणारी मुंडारी. इतक्या लांबची बहीण सातपुड्यात एकटी राहतेय!

त्याच गप्पांत एका मुलानं सांगितलं की त्याच्या मामाचं गाव आता जंगलात नाही, खाली अकोटकडे आहे. पोरांना काही कळेना. गाव कसं हलतं? हलतं. वाघाला जागा मिळावी म्हणून मेळघाटच्या गाभ्यातली गावं बाहेर नेली. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड या गावांनी सुरुवात झाली, मग इतरही गेली. काहींना शाळा, रस्ता, दवाखाना जवळ आला. काहींना नव्या जागी करमलं नाही, दिलेलं पुरलं नाही. २०१९ च्या सुरुवातीला अशी काही कुटुंबं परत आपल्या जुन्या गावच्या जागी गेली होती आणि तिथे मोठा तंटा झाला. जंगलाच्या आतल्या भागात गाडी जाते तेव्हा एखाद्या मोकळ्या माळावर आंब्याची जुनी झाडं ओळीनं उभी दिसतात. रानात आंबा ओळीत उगवत नाही. तिथे कुणाचं तरी अंगण होतं. आता तिथे गवत आहे आणि गवतात चितळ चरतात. वाघ वाढावा हे मलाही वाटतं. पण त्यासाठी अंगण कोणी सोडलं, हेही माहीत असावं.

जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. पावसाळ्यात आतल्या भागातली सफर बंद असते. हिवाळा सगळ्यांत सोयीचा, पण थंडी कडाक्याची, दोन स्वेटर हवेत. उन्हाळ्यात पानं झडतात म्हणून जनावर दिसण्याची शक्यता जास्त, पण उकाडा सोसायची तयारी हवी. जागेची नोंदणी वनखात्याकडे आधी करावी लागते, ती आता संगणकावरून होते. कपडे मातकट किंवा हिरवे, लाल-पिवळे नकोत. टेपरेकॉर्डर काय आणि मोबाईलवरची गाणी काय, घरी ठेवून या. आणि चिवड्याची रिकामी पिशवी खिशात घालून परत वरूडला आणा.

आता गृहपाठ! रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, वर्धेच्या नाहीतर चुडामणीच्या काठावर मोठ्या माणसाला घेऊन जा. ओली वाळू शोधा. जे ठसे दिसतील ते वहीत काढा, बाजूला आपली पट्टी ठेवून माप लिहा. हे तीन ओळखून कळवा: पहिला, चार बोटं आणि नख्यांच्या खुणा असलेला, तुमच्या तळहातापेक्षा लहान. दुसरा, तीन बोटं पुढे आणि मागे काहीच नाही, इवलासा, पाण्याच्या अगदी कडेला. तिसरा ठसा नाहीच, नुसती नागमोडी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक पावलं. एवढं सांगतो की तिसरा साप नाही. सापाला पावलं कुठली? उत्तरं पुढच्या अंकात.